अभियांत्रिकी प्रक्रियेचे मॉड्यूल कसे पाडावेत: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

एखादी अभियांत्रिकी प्रक्रिया मॉड्यूलर करायची ठरली की बहुतेक ठिकाणी पहिल्याच बैठकीत फळ्यावर चौकोन काढले जातात: निवड, ड्रॉइंग, खरेदी, जुळणी, चाचणी. प्रत्येक चौकोनाला एका विभागाचे नाव मिळते, मध्ये बाण येतात आणि काम झाले असे सगळे समजतात. प्रत्यक्षात त्या दिवशी चालू व्यवस्थाच कागदावर उतरलेली असते. पुढे एखाद्या कामात मोटर बदलली की पूर्वीसारखीच बेसप्लेट, कपलिंग आणि पॅनल यांची ड्रॉइंग्ज पुन्हा काढावी लागतात, आणि मॉड्यूलर पद्धतीचा उपयोग होत नाही असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. दोष पद्धतीचा नसतो. कापण्याची रेघ कुठे मारायची हे ठरवण्याआधी जी मेहनत करायला हवी ती झालेली नसते. ती मेहनत कोणत्या क्रमाने करावी, हे पुढे सांगितले आहे.

मॉड्यूल हा शब्द येथे एका नेमक्या अर्थाने वापरला आहे. प्रक्रियेच्या ज्या भागाला काय मिळणार, तो काय देणार आणि दिलेले बरोबर आहे हे कसे ठरणार, या तिन्ही गोष्टी लेखी ठरलेल्या आहेत, आणि ज्याच्या आतली पद्धत बदलली तरी शेजारच्या भागाला आपले काम बदलावे लागत नाही, तो भाग म्हणजे मॉड्यूल. दोन मॉड्यूल जिथे भेटतात त्या जागेला, म्हणजे इंटरफेसला, पुढे सांधा म्हटले आहे.

उदाहरण सर्वत्र एकच ठेवले आहे: मागणीनुसार तयार होणारा पंपसंच. त्यात पंप, मोटर, दोघांना जोडणारे कपलिंग, सगळ्यांना धरणारी बेसप्लेट आणि वेगळे उभे राहणारे कंट्रोल पॅनल असते. सॉफ्टवेअर असो वा बांधकाम, टप्प्यांचा क्रम हाच राहतो.

तयारी: बैठकीआधी काय हाताशी हवे

पूर्ण झालेल्या आठ-दहा कामांच्या फाइली काढून ठेवाव्यात. त्यांत यशस्वी कामांइतकीच रखडलेली कामेही असावीत. प्रत्येक फाइलीतील ड्रॉइंगची रिव्हिजन-नोंद सर्वांत मोलाची असते, कारण कोणता बदल कुठून निघाला आणि कुठपर्यंत पोहोचला हे तिच्यातूनच कळते. नोंदीत कारण लिहिलेले नसेल तर ज्याने बदल केला त्याला गाठून ते आत्ताच लिहून घ्यावे.

त्यानंतर माणसे ठरवावीत. प्रत्यक्ष काम करणारा ड्राफ्ट्समन, जुळणी करणारा फिटर आणि वायरमन हे चर्चेत हवेतच. विभागप्रमुखांना प्रक्रिया जशी असायला हवी तशी माहीत असते, तर हाताने काम करणाऱ्याला ती जशी आहे तशी माहीत असते, आणि आपल्याला दुसरी हवी आहे.

सावधान: एका वेळी एकच प्रक्रिया घ्यावी. सगळ्या कारखान्याचे किंवा सगळ्या उत्पादनांचे एकदम मॉड्यूल पाडायला घेतले तर अवलंबनाचा तक्ता इतका मोठा होतो की तो कोणी प्रामाणिकपणे भरत नाही.

टप्पा १: हद्द आखणे

प्रक्रिया कोणत्या कागदाने सुरू होते आणि कोणत्या वस्तूने संपते, हे एका वाक्यात लिहावे. आपल्या उदाहरणात ती ग्राहकाच्या मागणीपत्रकाने सुरू होते आणि चाचणी उत्तीर्ण झालेल्या पंपसंचाने संपते. वाहतूक आणि जागेवरची उभारणी बाहेर राहिली. हे वाक्य दोन ओळींत बसत नसेल, तर बहुधा दोन प्रक्रिया एकत्र धरल्या गेल्या आहेत.

टप्पा २: कामांची यादी करणे

प्रत्येक काम अशा शब्दांत लिहावे की त्याच्या शेवटी काहीतरी हातात येते. ‘मोटरबाबत समन्वय’ हे काम नाही. ‘मोटरची निवड करून तिची माहितीपत्रिका देणे’ हे काम आहे. उदाहरणासाठी आठ कामे धरू: मागणीपत्रक निश्चित करणे, पंप निवडणे, मोटर निवडणे, कपलिंग निवडणे, बेसप्लेटचे ड्रॉइंग, पॅनलचे ड्रॉइंग, पॅनलचे वायरिंग आणि अंतिम चाचणी. खऱ्या प्रक्रियेत वीस-पंचवीस कामे निघतील. चाळीसच्या पुढे गेलात तर फार बारीक तुकडे केले आहेत असे समजून जवळची कामे एकत्र करावीत.

टप्पा ३: अवलंबनाचा तक्ता भरणे

संपूर्ण पद्धतीचा पाया हा टप्पा आहे, आणि सर्वाधिक घाई याच टप्प्यात होते. चौकटींचा एक तक्ता घ्यावा. डावीकडे ओळींत सर्व कामे आणि वर स्तंभांत तीच कामे, त्याच क्रमाने लिहावीत. ओळीतील कामाला स्तंभातील कामाकडून माहिती लागत असेल तर त्या चौकटीत खूण करावी. कर्णावरची चौकट, म्हणजे कामाची स्वतःशीच पडलेली गाठ, मोकळी राहते. आठ कामांसाठी ५६ चौकटी तपासाव्या लागतात, बारा कामांसाठी १३२. म्हणूनच यादी आटोपशीर हवी.

खूण करताना प्रश्न कसा विचारता यावर उत्तराचा खरेपणा ठरतो. ‘तुम्ही कोणाला काय देता’ असे विचारले की लोक ठरलेल्या नमुन्यांची नावे सांगतात. ‘हे काम हाती घेताना तुम्हाला काय लागते आणि ते तुम्ही कोणाकडून मिळवता’ असे विचारले की फोनवर मागून घेतलेले आकडे, मित्राकडून आधीच मिळवलेले कच्चे ड्रॉइंग, अंदाजाने धरलेली मापे हे सगळे बाहेर येते. ते सर्व तक्त्यात यायलाच हवे.

आपल्या उदाहरणात खुणा अशा पडतात. पंपनिवडीला मागणीपत्रक लागते आणि मोटरची प्रत्यक्ष गतीही लागते. मोटरनिवडीला मागणीपत्रक आणि पंपाची शक्ती लागते. कपलिंगला पंप आणि मोटर या दोघांच्या शाफ्टचे व्यास लागतात. बेसप्लेटला पंप, मोटर आणि कपलिंग या तिन्हींची मापे लागतात. पॅनलच्या ड्रॉइंगला मागणीपत्रक आणि मोटरची माहिती, वायरिंगला पॅनलचे ड्रॉइंग, तर अंतिम चाचणीला मागणीपत्रक, बेसप्लेटवरची जुळणी आणि वायरिंग झालेले पॅनल लागते. एकूण १५ खुणा झाल्या.

कामे वेळेच्या क्रमाने लिहिली असतील तर कर्णाच्या वरच्या बाजूला पडलेली प्रत्येक खूण म्हणजे मागे फिरणारी माहिती असते. येथे अशी एकच खूण आहे: पंपाला मोटरची गती लागते आणि मोटरला पंपाची शक्ती. हे चक्र कागदावर लहान दिसते, तरी ते टाळता येत नाही, कारण केंद्रोत्सारी पंपाचा प्रवाह गतीच्या प्रमाणात, हेड (पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते) गतीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. मिनिटाला १४५० फेरे धरून पंप निवडला आणि मोटर प्रत्यक्षात १४६५ फेऱ्यांनी फिरली, तर गतीतला एक टक्क्याचा फरक शक्तीत तीन टक्क्यांहून थोडा अधिक होऊन उतरतो.

तपासणी: तक्ता भरून झाल्यावर जुन्या फाइलींतील एखादा रिव्हिजन-बदल घ्यावा आणि तो तक्त्यावरून चालवून पाहावा. प्रत्यक्षात बदल जिथपर्यंत पोहोचला होता तिथपर्यंत खुणा नेत नसतील, तर एखादी खूण राहून गेली आहे. असे तीन बदल तरी चालवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा ४: बदल कुठून येतात ते लिहिणे

तक्ता अवलंबन दाखवतो, पण काय वारंवार बदलते हे दाखवत नाही. फाइलींतून बदलांची वेगळी यादी करावी: ग्राहकाने हेड वाढवले, ठरलेली मोटर मिळाली नाही, स्टार्टरची पद्धत बदलली, एक जादा सेन्सर मागितला. प्रत्येकापुढे तो आठ-दहा कामांत किती वेळा आला हे लिहावे. चांगल्या विभागणीची कसोटी अशी की या यादीतला वरचा प्रत्येक बदल एकाच मॉड्यूलच्या आत जिरावा. कधीच न बदलणाऱ्या गोष्टीभोवती काळजीपूर्वक रेघ मारून काहीच हाती लागत नाही.

टप्पा ५: रेघ मारणे

आता तक्त्यातील ओळी आणि स्तंभ बरोबरीने हलवून ज्या कामांत आपसांत अधिक खुणा आहेत ती शेजारी आणावीत. ज्या चौकोनात खुणा दाट आणि ज्याच्या बाहेर विरळ, तो मॉड्यूलचा उमेदवार.

दोन विभागण्या मोजूनच पाहू. पहिली विभागवार: निवडीची तीन कामे एकत्र, दोन ड्रॉइंग्ज एकत्र, वायरिंग आणि चाचणी एकत्र. मागणीपत्रक सर्वांना लागते म्हणून ते बाजूला ठेवू. या विभागणीत निवडीच्या गटात ४ खुणा, वायरिंग-चाचणीत १ आणि ड्रॉइंगच्या गटात एकही खूण नाही. गटांच्या मधून जाणाऱ्या खुणा मात्र ६. दुसरी विभागणी अवलंबनावरून: पंप, मोटर, कपलिंग आणि बेसप्लेट हा यांत्रिक गट, पॅनलचे ड्रॉइंग आणि वायरिंग हा विद्युत गट, अंतिम चाचणी स्वतंत्र. येथे आत ८ खुणा आणि मधून जाणाऱ्या फक्त ३.

ड्रॉइंगच्या गटातील शून्याकडे नीट पाहावे. बेसप्लेटचे आणि पॅनलचे ड्रॉइंग एकाच खोलीत, एकाच सॉफ्टवेअरवर, कदाचित एकाच माणसाकडून निघते, म्हणून ते एक मॉड्यूल वाटत होते. प्रत्यक्षात त्या दोन कामांना एकमेकांकडून काहीही लागत नाही.

सावधान: विभागणी बदलली म्हणून माणसांची बसण्याची जागा किंवा वरिष्ठ लगेच बदलू नयेत. प्रत्येक मॉड्यूलला एक जबाबदार व्यक्ती नेमली, आणि सांध्यावरचा निर्णय तिचाच राहील हे स्पष्ट केले, की सुरुवातीला तेवढे पुरते. दोन व्यक्तींच्या नावावर एक मॉड्यूल मात्र कधीच ठेवू नये.

उरलेल्या चक्राचे काय करायचे, हा प्रश्न येथेच सोडवावा. चक्र एका मॉड्यूलच्या आत असेल तर ते तिथेच राहू द्यावे, कारण जवळ बसलेली माणसे ते लवकर फिरवतात. ते दोन मॉड्यूलमधून जात असेल तर एक मूल्य आधीच गृहीत धरून ते तोडावे. उदाहरणार्थ, पंप आणि मोटर वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये असतील, तर पंप निवडताना गती १४५० धरायची, मोटरच्या शक्तीत ठरावीक राखीव ठेवायची आणि मोटरची माहितीपत्रिका आल्यावर एकदाच पडताळायचे, असा नियम लेखी करावा. गृहीत मूल्य, राखीव आणि पडताळणीची वेळ या तीनही गोष्टी लिहिल्या नसतील तर चक्र तुटलेले नाही, नुसते नजरेआड झाले आहे.

टप्पा ६: सांधा लिहिणे

मॉड्यूलच्या आतले काम सुरू होण्यापूर्वी सांधा लिहून दोन्ही बाजूंनी मान्य केलेला हवा. हा क्रम उलटा झाला की आधी काम पुढे नेणारा आपल्या सोयीचा सांधा दुसऱ्यावर लादतो, आणि मॉड्यूलर पद्धत बहुतेक वेळा इथेच फसते.

सांध्याच्या कागदावर प्रत्येक गोष्टीसाठी नाव, एकक, मर्यादा, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), कोण देणार आणि कधी देणार हे लिहावे. दोन मॉड्यूलच्या मध्ये चार प्रकारच्या गोष्टी जातात: जागा, ऊर्जा, पदार्थ आणि माहिती. चारही प्रकार एकेक करून विचारावेत, कारण माहितीचा सांधा लिहिताना जागेचा सांधा हमखास विसरला जातो. यांत्रिक आणि विद्युत गटांमध्ये मोटरची शक्ती, पूर्ण भाराचा विद्युतप्रवाह, सुरू करण्याची पद्धत, सेन्सरचे सिग्नल आणि केबल ग्लँडचा आकार एवढेच जाते. मोटर कोणत्या कंपनीची हे पॅनलला कळण्याचे कारण नाही, आणि ते कागदावर लिहिलेही जाऊ नये. जे लिहिले जाते त्यावर कोणीतरी अवलंबून राहू लागते.

सांधा बदल कसा अडवतो ते बेसप्लेटवर जवळून पाहता येते. चार पोलची ७.५ किलोवॅटची मोटर सामान्यतः १३२ फ्रेममध्ये येते आणि ११ किलोवॅटची १६० फ्रेममध्ये. फ्रेमचा आकडा म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मि.मी.मध्ये. ग्राहकाने हेड वाढवले आणि मोटर एक पायरी वर गेली की शाफ्ट २८ मि.मी. वर सरकतो, शाफ्टचा व्यास ३८ वरून ४२ मि.मी. होतो आणि पायांच्या भोकांतील आडवे अंतर २१६ वरून २५४ मि.मी. होते. मोटरचे पाय थेट बेसप्लेटवर बसवले असतील तर संपूर्ण बेसप्लेट बदलते. भोके पाडून रंग दिलेली बेसप्लेट या एका कारणाने भंगारात जाताना मी पाहिली आहे, आणि ती ज्याने मन लावून घडवली होती त्या फिटरचा चेहरा अजून आठवतो.

त्याऐवजी नियम असा करता येतो: पंपाच्या शाफ्टची उंची १८० मि.मी. धरून बेसप्लेट एकच ठेवायची, तिच्यावर दोन्ही फ्रेमसाठीची भोके आधीच पाडायची आणि मोटरखाली वेगळे पॅकिंग, म्हणजे उंची भरून काढणारा ठोकळा, द्यायचे. १३२ फ्रेमसाठी पॅकिंग ४८ आणि १६० साठी २० मि.मी. लागेल असे वजाबाकी सांगते, पण तेवढेच बनवले तर जुळणी अडते. मोटरच्या शाफ्ट-उंचीला या आकारांत ० ते उणे ०.५ मि.मी. टॉलरन्स असतो. पंपालाही तेवढाच धरला तर १३२ फ्रेमसाठी प्रत्यक्ष गरज ४७.५ ते ४८.५ मि.मी. या पट्ट्यात कुठेही येते. म्हणून पक्के पॅकिंग ४७ आणि १९ मि.मी.चे ठेवावे आणि उरलेले अंतर जुळणीच्या वेळी शिमने, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांनी, भरावे. पॅकिंगमुळे मोटरचा बदल बेसप्लेटच्या अलीकडेच थांबतो. कपलिंगचा मोटरकडचा बोअर (शाफ्ट बसणारे भोक) मात्र बदलणारच, म्हणून तो अर्धा भाग शेवटी बोअर करण्याचा नियम सोबत लिहावा.

तपासणी: सांध्याचा कागद अशा व्यक्तीला द्यावा जिने चर्चा ऐकलेली नाही. तिला एकही प्रश्न न विचारता आपल्या बाजूचे काम सुरू करता आले पाहिजे. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे कागदातली एक उणीव.

टप्पा ७: प्रत्येक मॉड्यूलची स्वतंत्र चाचणी

जे मॉड्यूल शेजाऱ्याशिवाय तपासता येत नाही ते अजून मॉड्यूल झालेले नाही. पॅनल पंप जोडल्याशिवाय तपासायचे असेल तर पंपाच्या जागी बनावट शेजारी लागतो: लेव्हल स्विचऐवजी साधे टॉगल स्विच, आणि दाबाच्या सेन्सरऐवजी ४ ते २० मिलिअँपिअर देणारा सिग्नल-स्रोत. चाचणीत ४, १२ आणि २० मिलिअँपिअरला योग्य वाचन येते का हे सगळेच पाहतात. तार काढून ० मिलिअँपिअर झाल्यावर पॅनल ‘तार तुटली’ असे सांगते की ‘दाब शून्य’ असे समजते, हेही पाहायला हवे. शून्य दाबासाठी ४ मिलिअँपिअर ठेवलेले असते ते यासाठीच.

सांधा लिहिला म्हणजे तो पाळला गेला असे नाही. १९९९ साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले. थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे न्यूटन-सेकंदात द्यावेत असे सांध्याच्या कागदात लिहिलेले होते, पण जमिनीवरच्या सॉफ्टवेअरने ते पाउंड-सेकंदात दिले आणि प्रत्येक आकडा सुमारे ४.४५ पटींनी चुकला. घेणाऱ्याने ओळखीच्या एका उदाहरणावर पहिली फाइल हाताने पडताळावी, हा नियम म्हणूनच प्रत्येक सांध्याला लागू करावा.

टप्पा ८: जोडणी

सगळी मॉड्यूल्स तयार झाल्यावर एकदम जोडू नयेत. ज्या दोघांमधला सांधा सर्वांत अनिश्चित आहे ती आधी जोडावीत, बाकीच्यांच्या जागी बनावट शेजारी तसेच ठेवावेत, आणि मग एकेक बनावट शेजारी काढून खरा बसवावा. दोष दिसला तर तो शेवटी बसवलेल्या मॉड्यूलच्या सांध्यात शोधायला सुरुवात करता येते.

सावधान: जोडणीच्या वेळी जागेवर केलेली दुरुस्ती, जसे की भोक रुंद करणे किंवा टर्मिनलवर तार बदलणे, त्याच दिवशी सांध्याच्या कागदावर गेली नाही तर पुढचे काम जुन्याच चुकीने सुरू होते.

टप्पा ९: रिव्हिजन आणि पुनर्वापर

मॉड्यूलला तीन आकड्यांचा क्रमांक द्यावा. सांधा असा बदलला की शेजाऱ्याला काम बदलावे लागेल, तर पहिला आकडा वाढतो. सांध्यात भर पडली पण जुने चालू राहते, तर दुसरा. फक्त आतली दुरुस्ती असेल तर तिसरा. पहिला आकडा वाढवण्यापूर्वी शेजारच्या प्रत्येक मॉड्यूलच्या जबाबदार व्यक्तीची सही घ्यावी.

तयार मॉड्यूल दुसऱ्या कामात वापरताना ते पूर्वी नीट चालले हा पुरावा अपुरा आहे. एरियन ५ या प्रक्षेपकाच्या ४ जून १९९६ च्या पहिल्या उड्डाणात एरियन ४ वर विश्वासाने चाललेले दिशादर्शक सॉफ्टवेअर घेतले होते. नव्या प्रक्षेपकाचा आडवा वेग जास्त होता. त्याच्याशी निगडित एक मूल्य ३२,७६७ ही कमाल मर्यादा असलेल्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसले नाही, आणि सुमारे ४० सेकंदांत प्रक्षेपक नष्ट झाला. विशेष म्हणजे सॉफ्टवेअरच्या त्या भागाची उड्डाणानंतर एरियन ५ ला गरजच नव्हती. पुनर्वापर करताना म्हणूनच तीन गोष्टी तपासाव्यात: नव्या कामातील प्रत्येक येणारे मूल्य जुन्या मर्यादेत बसते का, मर्यादा मोडली तर मॉड्यूल काय करते, आणि मॉड्यूलमधला कोणता भाग येथे अनावश्यक आहे. सांध्याच्या कागदावर मर्यादा लिहिलेल्याच नसतील तर ते मॉड्यूल पुन्हा वापरण्यायोग्य समजू नये.

टप्पा १०: रेघ पुन्हा पाहणे

पहिल्या तीन-चार कामांत प्रत्येक रिव्हिजन-नोंदीवर दोन रकाने वाढवावेत: बदल कोणत्या मॉड्यूलमध्ये सुरू झाला आणि कुठपर्यंत गेला. तीच दोन नावे पुन्हा पुन्हा बरोबर दिसू लागली, तर त्यांच्यामधला सांधा उघडून पाहावा. बहुधा एखादे माप किंवा राखीव लिहायचे राहिलेले असते आणि ते भरले की बदल थांबतो. ते भरूनही बदल पलीकडे जात राहिला, तरच रेघ हलवावी किंवा दोन्ही मॉड्यूल एक करावीत. रेघ हलवायची झाल्यास ती पुढच्या नव्या कामापासून हलवावी. हातातली कामे ज्या क्रमांकाच्या सांध्यावर सुरू झाली त्याच सांध्यावर पूर्ण होऊ द्यावीत, आणि त्या सांध्याचा कागद शेवटचा पंपसंच चाचणीतून बाहेर पडेपर्यंत जुळणीच्या टेबलावरून काढू नये.